कोकणातली पिकअप, तिचे आवाज आणि टोचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन किलोमीटरवर माझं घर आहे आणि दारात पिकअप आहे. चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या, पावसाळा सरला की हर्णै बंदरावरची मासळी, मधल्या दिवसांत चिरे, खत, पेंढा, लग्नाच्या मांडवाचं सामान. आणि वर्षभर, शनिवार-रविवारी हमखास, पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, रुतलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांचं टोचन, म्हणजे दोराने ओढून काढणं. गाडी घ्यायची म्हणून विचारायला येणारे, फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवणारे आणि रात्री "दादा, जरा येता का" म्हणणारे, या तिघांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

पिकअप घेऊ की छोटा हत्ती पुरेल?

खेपा कुठल्या, यावर ठरवा. टाटा एस २००५ साली आला, गावागावात पोचला आणि त्याचं "छोटा हत्ती" हे नाव पक्कं झालं. त्याचं मूळ डिझेल इंजिन दोन सिलिंडरचं, जेमतेम ७०० सीसीचं. गावातल्या गावात, बाजार ते घर एवढंच काम असेल तर आजही तो परवडतो, आणि अरुंद पाणंदीत पिकअपपेक्षा सहज वळतो. पण आपल्याकडे सपाट रस्ता फक्त खाडीकाठाला. भरल्या पेट्या घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढायचा असेल, तर अडीच लिटरच्या आसपासचं चार सिलिंडरचं इंजिन लागतं. लहान इंजिनाला रोज घाटात पिळलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, हे मी शेजारच्या वाडीत डोळ्यांनी बघितलं आहे.

फोर व्हील ड्राइव्ह हवीच का?

बहुतेकांना नको. आपल्याकडच्या बहुसंख्य पिकअपना ताकद मागच्या चाकांना असते आणि वजन पुढे इंजिनावर. त्यामुळे रिकामी पिकअप पावसात शेवाळलेल्या चढावर मागून घसरते. याला स्वस्त उपाय म्हणजे पावसाळाभर हौद्यात (माल भरायच्या जागेत) मागच्या धुरीवर, म्हणजे ऍक्सलवर, चार-पाच वाळूची पोती नीट बांधून ठेवणं. दूरच्या बागेत चिखलवाट असेल किंवा गाड्या ओढण्याचं काम नेहमीचं असेल, तरच चारही चाकांची गाडी बघा.

लायसन्स कोणतं लागतं?

हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही, पुरतं. वाहनाचं भरलेलं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तेच कायम केलं. पिकअप या मर्यादेच्या खूप आत येते.

कागदपत्रांत कुठे चूक होते?

फिटनेसमध्ये. पिवळी पाटी म्हणजे मालवाहू वाहन. त्याचं योग्यता प्रमाणपत्र पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नवं करावं लागतं. जुनी गाडी घेणारा इंजिन बघतो, टायर बघतो आणि ही तारीख बघायची विसरतो. परमिटचं म्हणाल तर एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते लागत नाही. त्यापेक्षा मोठी घेतलीत तर लागतं. आरसी बुकावरचा आकडा वाचा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

मागे माणसं बसवली तर?

नका बसवू. विसर्जनाला, देवीच्या पालखीला, लग्नाच्या वऱ्हाडाला सगळे म्हणतात, "दहा मिनिटांचा तर रस्ता आहे." मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण मिळत नाही, हे न्यायालयात अनेकदा ठरलेलं आहे. वळणावर हौद्याचा मागचा फाळका उघडला तर पुढची दहा वर्षं त्या घराच्या दारातून मान वर करून जाता येणार नाही. मी माझ्या सख्ख्या चुलत्यांना नाही म्हटलं आहे. रागावले, दोन महिने बोलले नाहीत, नंतर बोलू लागले.

चिरे किती भरावेत?

पासिंग आहे, म्हणजे आरसी बुकावर जेवढा भार मंजूर आहे, तेवढेच. ओला चिरा कोरड्यापेक्षा जड भरतो, हे पावसाळ्यात लक्षात ठेवा. मोजून तेवढेच नग भरले तरी वजन वाढलेलं असतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. त्याहून मोठा दंड उतारावर ब्रेक देत नाहीत तेव्हा बसतो.

नवी गाडी एवढी का वाजते? काही बिघाड आहे का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाते, तापते, त्यात डिझेल फवारलं जातं आणि ते क्षणभर थांबून एकदम पेटतं. त्या एकदम पेटण्याचा ठोका म्हणजे डिझेलची खडखड. जुन्या इंजिनांत सगळं डिझेल एका दमात जायचं, म्हणून ती गाडी वळणापलीकडून ओळखू यायची. कॉमन रेल ही फवारण्याची नवी पद्धत आल्यापासून आधी थोडं आणि मग बाकीचं असं फवारलं जातं, त्यामुळे आवाज मऊ झाला. तरी सकाळी थंड इंजिन जास्त वाजतं आणि तापलं की शांत होतं. हे नैसर्गिक आहे.

आणखी एका आवाजाने नवे मालक घाबरतात. घाट चढताना मधेच पुढून वाऱ्यासारखी मोठी घरघर सुरू होते, गाडी जड झाल्यासारखी वाटते आणि थोड्या वेळाने ते थांबतं. पुष्कळ पिकअपमध्ये रेडिएटरचा पंखा ठराविक तापमानाला पूर्ण जोराने फिरू लागतो, त्याचा तो आवाज. तो येतोय म्हणजे पंखा काम करतोय. भर घाटात, भरल्या गाडीत तो कधीच आला नाही, तर मात्र तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा.

मग कोणत्या आवाजाला थांबायचं?

या प्रश्नाला मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण मोठा खर्च एका दिवसात येत नाही. महिनाभर गाडी सांगत असते आणि आपण गाण्यांचा आवाज वाढवत असतो. आठवड्यातून एकदा गाणी बंद, काचा खाली, आणि चिऱ्याच्या गडग्याला लागून सावकाश चालवा. गडग्यावरून आवाज परत येतो आणि बसल्या जागी कळत नाही ते कळतं.

इंजिनाच्या पोटातून जड ठोका येऊ लागला आणि ऑइलचा दिवा लागला, तर तिथल्या तिथे बंद करा. पुढच्या वळणापर्यंत नाही, घरापर्यंत तर नाहीच. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

वरून येणारी हलकी, शिलाई मशीनसारखी टकटक टॅपेटची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांची, असते. ती पंधरा दिवस थांबू शकते. एखाद्याच सिलिंडरमधून टोकदार ठोका आणि सोबत धूर असेल तर डिझेल फवारणारं नोझल. ते पुढे ढकलू नका, कारण जादा डिझेल पिस्टन जाळतं. थंड असताना फट् फट् आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून वायू निसटल्याचा असतो. जोर लावल्यावर टर्बोची शिट्टी बारीक आणि एकसारखी असावी. ती रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी चढू लागली की मेस्त्रीकडे. मोठा चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर तसंच चालू ठेवा. टर्बोला थंड व्हायला तेवढा वेळ लागतो.

पहिल्या पावसात बेल्ट किंचाळतो. पाच मिनिटांत गप्प झाला तर ठीक. रोज किंचाळत असेल तर तो ढिला आहे किंवा त्याच्या पुलीचं बेअरिंग गेलं आहे. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खाली "टण्" वाजलं तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. पाण्यातून गाडी काढली की त्यातलं ग्रीस धुऊन जातं, त्यामुळे आपल्याकडे तो घाटावरच्यापेक्षा लवकर जातो. ग्रीस गन स्वतःची ठेवा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळण घेताना बदलणारी घूं घूं चाकाच्या बेअरिंगची. रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळच्या पहिल्या ब्रेकला होणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते, दोन-तीन ब्रेकात जाते.

पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, करकरतात ते बहुतेक खाऱ्या हवेने. पानांमध्ये गंज धरतो. त्यावर जळकं ऑइल ओतायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्याला रेती चिकटते आणि ते ऑइल पहिल्या पावसात ओहोळातून शेतात उतरतं. पाटे उतरवून घासून घेतले की दोन वर्षं बघावं लागत नाही.

बीएस-सहा गाडी उभ्या उभ्या रेस होते आणि जळका वास येतो. का?

१ एप्रिल २०२० पासूनच्या, म्हणजे बीएस-सहा या धुराच्या निकषाच्या, डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःहून धुराची उष्णता वाढवून काजळी जाळते, त्या वेळी गाळणीत ६०० अंशांच्या आसपास तापमान जातं. वाडी ते बाजार अशा दोन-दोन किलोमीटरच्या खेपांत हे जाळणं पुरं होत नाही आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास एका लयीत चालवा. आणि त्या वेळी गाडी सुक्या गवतावर उभी करू नका. मार्च-एप्रिलमध्ये कलमांखालचं गवत किती पटकन पेटतं, हे बागवाल्यांना सांगायला नको.

सायलेन्सर कापला की ताकद वाढते का?

नाही. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. ध्वनी-धुराचे निकष मोडले तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं. मासळीच्या खेपा पहाटे तीनला निघतात. वाडीत तान्ही मुलं असतात, आजारी माणसं असतात. मी उतारावर राहतो, तरी इंजिन बंद ठेवून गाडी घरंगळत नेत नाही, कारण तसं केलं तर ब्रेकची मदत जाते. पण रेस न करता, हॉर्न न देता बाहेर पडता येतं.

सायलेन्सर आपल्याकडे गंजूनही फुटतो. पुळणीवरून किंवा बंदरावरून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी.

पुळणीत गाडी रुतली. पहिलं काय करायचं?

ऍक्सिलरेटरवरून पाय काढायचा. चाक फिरलं की खोल जातं, आणि तळ वाळूला टेकला की चार माणसांचं काम चाळीस माणसांचं होतं.

माणसं उतरवा, सामान उतरवा. चाकांच्या पुढची-मागची वाळू हाताने किंवा नारळाच्या करवंटीने उपसा, तळाखालचीही. टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच निघतात. चाकाखाली गोणपाट, फळ्या किंवा माडाच्या झावळ्या, झावळीचा जाड देठ आडवा येईल अशा घाला. आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या, कारण तिथली वाळू आधीच दबलेली असते. डांबरावर चढल्यावर हवा भरेपर्यंत सावकाश चालवा.

भरती यायला किती वेळ आहे, हे कसं कळणार?

घाई इथूनच सुरू होते, म्हणून हे आधी माहीत असावं. आपल्याकडे जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जी वेळ येईल ती साधारण पूर्ण भरतीची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण पाणी चढतंय की उतरतंय एवढं नक्की कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी.

पाण्याच्या रेषेवर एक काठी रोवा आणि दहा मिनिटं बघा. पाणी उतरत असेल तर तुमच्याकडे तास आहेत, शांतपणे खणा. चढत असेल तर आधी ओढणारी गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत खणा.

ओढायला कोणता दोर वापरू?

रुतलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दुप्पट-तिप्पट ताण घेणारा जाड नायलॉनचा पट्टा आणि दोन डी-शॅकल (खिळ्याने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या). होडीचा सोल, म्हणजे दोर, सगळ्यांकडे असतो, पण उन्हात आणि खाऱ्या पाण्यात वर्षं काढलेला सोल बाहेरून धड आणि आतून कुजका असतो. दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

सहा-सात वर्षांपूर्वी घाईत मी एका गाडीला लोखंडी हूक लावला आणि झटका दिला. हूक उलगडला आणि फाळक्यावर आदळला. दोन मिलिमीटरच्या पत्र्याला मुठीएवढा खळगा पडला. त्याच्या दोन हात बाजूला त्या गाडीतला शाळकरी मुलगा उभा होता. त्या दिवसापासून माझे नियम ठरले. माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि दोराच्या रेषेत कुणीच नाही. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटला तर जमिनीकडे पडतो. हूक फक्त कंपनीने दिलेल्या टोचनच्या जागेत, बंपरला नाही, ऍक्सलच्या दांड्यांना तर नाहीच. नव्या कारना ती जागा झाकणाखाली असते आणि तिचा आटेदार हूक स्टेपनीजवळ मिळतो. काहींचे आटे उलटे असतात, म्हणून फिरत नाही म्हणून सोडून देऊ नका. तो पूर्ण बसेपर्यंत फिरवा.

मग दोराचा ढिलेपणा हळूहळू काढा, पहिल्या गिअरमध्ये, आणि ताण आल्यावर जोर लावा. क्लचचा वास आला की थांबा आणि पुन्हा खणा.

रस्त्यावरून टोचन करून नेताना कायदा काय सांगतो?

फक्त बंद पडलेली गाडी, जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पंपापर्यंत. दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर लांबून दिसेल असा हवा, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सधारक माणूस हवा आणि मागे "टोचनवर आहे" असं सांगणारी, पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांची पाटी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत.

मागच्याला हे आधी सांगा: किल्ली चालू ठेव, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा लागेल, दोन्ही पायांचा जोर लावावा लागला तरी लाव. आणि दोर सैल पडू देऊ नकोस, हलका ब्रेक तुझाच.

ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद असलेली किंवा बॅटरीवरची गाडी दोराने रस्त्यावर ओढू नका. चाकं फिरली की गिअरबॉक्स किंवा मोटर जाते. तिला सपाट गाडीवर चढवूनच न्यायचं. पुळणीतून चार-पाच मीटर बाहेर काढणं वेगळं.

घाटात बंद पडलेली गाडी ओढाल का?

नाही. परशुराम घाट असो वा भोस्ते, उतारावर मागची गाडी ब्रेकच्या मदतीशिवाय तुमच्या हौद्यावर येते. चाकांना दगड लावा, दिवे लावा, माणसं कठड्याबाहेर सुरक्षित जागी न्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२. क्रेन येईपर्यंत थांबणं हाच मार्ग.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती. चालू करून बघू?

सेल मारू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात पाणी उतरल्यावर कितीतरी जणांनी आशेने किल्ली फिरवली. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती भिजलेली गाडी दुरुस्त होते, सेल मारलेली बहुतेकदा इंजिनासकट जाते. शिवाय ते नुकसान तुमच्या हाताने झालं म्हणून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. बॅटरीची तार काढा, ऑइलची काडी बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. न्यूट्रल करून ओढून न्या.

गाडी काढून दिली तर पैसे घ्यावेत का?

मी घेत नाही. मालवाहू गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत बंद पडलेली एक गाडी ओढताना विमा लागू राहतो, पण मोबदला न घेता ओढली तरच. पाचशे रुपये घेतलेत आणि अपघात झाला, तर ते पाचशे फार महाग पडतात. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान तर कुठल्याच परिस्थितीत त्यात येत नाही. म्हणून दोर लावण्याआधी मालकाकडून मोठ्याने, चार माणसांसमोर होकार घ्या. ज्यांना हा धंदाच करायचा आहे त्यांनी क्रेनची गाडी आणि तिचा वेगळा विमा घ्यावा.

डिझेलचे पैसेसुद्धा नको म्हणतो. पाहुणा आग्रह करतो, तेव्हा त्याला गावातल्या बाईंकडून कोकम, फणसपोळी घ्यायला सांगतो.

पुळणीवर गाडी उतरवणाऱ्यांना मदत केली की ते पुन्हा उतरवतात. मग करायची कशाला?

रुतलेली गाडी भरतीत गेली तर तिचं डिझेल-ऑइल आपल्याच समुद्रात जातं. म्हणून काढतो, आणि काढल्यावर वेळास-आंजर्ल्याच्या कासवांबद्दल सांगतो. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च पुळणीवर अंडी घालतात आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. चाकाखाली घरटं दबतं, आणि चाकोरीच्या खोल खड्ड्यात पडलेलं बोटभर पिल्लू समुद्राकडे जायच्या ऐवजी त्या चरातच पुढे चालत राहतं, सकाळी कावळे येईपर्यंत. हे सांगितल्यावर बहुतेक माणसं गप्प होतात. एका कुटुंबातल्या मुलीने वडिलांचा मोबाइल घेतला आणि उजेडात आपल्याच गाडीची चाकोरी पायाने बुजवत वरपर्यंत आली.

गाडी काढल्यावर खड्डे आणि चाकोऱ्या बुजवूनच निघा. फावडं हौद्यात असतंच.

रात्री दोनला फोन आला तर काय विचारायचं?

चार गोष्टी, याच क्रमाने. कुणाला लागलंय का? लागलं असेल तर आधी १०८. गाडी नेमकी कुठे, जवळचं देऊळ किंवा पऱ्या कोणता? पाणी चाकापासून किती पावलांवर? गाडी ऑटोमॅटिक आहे का? मग त्यांना सांगा की चाक फिरवू नका, दिवे लावून ठेवा, मी येतोय. आणि निघताना घरातलं एक माणूस सोबत घ्या, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून "थांब" म्हणणारा आपला माणूस हवा. माझ्याबरोबर बहुतेक वेळा बायको येते. टॉर्च तिच्या हातात असतो, आणि तिने तो आडवा हलवला की मी ब्रेकवर पाय ठेवतो.